सात घरांची गोधडी

दोंडाईच्यात लीलाधर नानांना न ओळखणारा माणूस हवा असेल, तर स्टेशनवर नुकताच उतरलेला परगावचा कुणी गाठावा लागेल. तीस वर्षं त्यांनी इथल्या शाळेत गणित शिकवलं. पण खरं नाव कमावलं ते कॉपी पकडण्यात. नानांच्या चपलांचा आवाज व्हरांड्यात आला, की पोरांच्या खिशातल्या चिठ्ठ्या आपोआप तोंडात जायच्या. काही पोरांनी तर अख्खा इतिहास असाच पचवला.

बाहेर असा दरारा असलेला हा माणूस गेली एकतीस वर्षं घरात बसून युक्लिडशी भांडत होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं.

त्याचं असं झालं. नववीचा वर्ग, समांतर रेषांचा धडा. नानांनी फळ्यावर एक रेषा काढली, तिच्या बाहेर एक बिंदू दिला आणि म्हणाले, "या बिंदूतून त्या रेषेला समांतर अशी एक आणि एकच रेषा काढता येते. लिहा." सगळ्यांनी लिहिलं. दुसऱ्या बाकावरच्या मेघा नावाच्या किडकिडीत मुलीनं तेवढा हात वर केला.

"सर, एकच कशावरून?"

"पुस्तकात दिलंय."

"पण सर, कशावरून?"

वर्ग हसला. नानांचा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावरच मुक्कामाला असायचा. ते गरजले, "उभी राहा! कळेपर्यंत उभी राहा!" मेघा तास संपेपर्यंत उभी राहिली. घंटा झाली, नानांनी खडू-डस्टर उचललं आणि ते निघून गेले. घराच्या वाटेवर त्यांना दोन गोष्टी उमगल्या. एक, त्या पोरीला बस म्हणायचं राहून गेलं. आणि दुसरी, एकच कशावरून हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

पहिली चूक दुसऱ्या दिवशी एका शब्दात मिटली असती. पण चौदा वर्षांच्या पोरीपुढं नमतं घेणं नानांच्या स्वभावात नव्हतं. म्हणून त्यांनी दुसरी दुरुस्त करायला घेतली. त्या पोरीला उत्तर द्यायचं, आणि असं द्यायचं की पुन्हा कुणाला हात वर करायची गरज पडू नये.

आता ज्यांनी दहावीनंतर भूमितीला रामराम ठोकला, त्यांच्यासाठी दोन शब्द. तेवीसशे वर्षांपूर्वी युक्लिडनं पाच गोष्टी पुराव्याशिवाय मान्य केल्या आणि त्यांच्यावर सगळी भूमिती उभी केली. पहिल्या चार अगदी साध्या आहेत. पाचवी म्हणजे ही समांतर रेषेची. ती पहिल्या चारांतून सिद्ध करता येते का, एवढाच प्रश्न. नानांनी वाट धरली ती उलटी. समजा, त्या बिंदूतून एक सोडून अनेक समांतर रेषा जातात. हे धरून चालत राहायचं. कुठंतरी धडधडीत विसंगती येईल, आणि मग उलटं बोलणारा खोटा ठरून युक्लिड खरा ठरेल.

नाना चालत राहिले. सात जाडजूड वह्या भरल्या. वाटेत एकेक चमत्कारिक सिद्धांत भेटत गेले. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज एकशे ऐंशीपेक्षा कमी भरायला लागली. त्रिकोण जितका मोठा, तितकी बेरीज आणखी कमी. तिन्ही कोन सारखे असलेले दोन त्रिकोण लहानमोठे असूच शकत नव्हते, त्यांची मापंही सारखीच निघायची. विचित्र होतं सगळं, पण विसंगती म्हणावी तर सापडत नव्हती. शेवटी सातव्या वहीच्या एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर अशा दोन सरळ रेषा निघाल्या, ज्या जवळजवळ येत राहतात आणि कधीच भेटत नाहीत. नानांनी लाल पेन उचललं. 'सरळ रेषेचा हा स्वभावच नव्हे. म्हणून अशक्य. सिद्ध झाले.'

एवढ्या वर्षांत त्यांनी या विषयावरचं एकही पुस्तक उघडलं नाही, कुणाला वही दाखवली नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या कॉप्या पकडल्या, आता आपण दुसऱ्याचं बघायचं? छे! हा नेम त्यांनी इतका कडक पाळला, की नातेवाइकानं दिलेल्या मोबाइलवरसुद्धा ते फक्त वेळ बघायचे.

यंदा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी नानांचा सत्कार ठरवला. पुढाकार मिरचीचा व्यापार करणाऱ्या भूपेंद्राचा होता. नानांनी त्याला सिद्धतेचं सांगितलं, तेव्हा त्याला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण पत्रिकेवर त्यानं छापून टाकलं, 'दोन हजार वर्षांचं कोडं सोडवणारे आमचे सर'. पाहुणी म्हणून जळगावच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या मेघाला बोलवायचं, असा हट्ट नानांनी धरला. कारण मात्र कुणाला सांगितलं नाही. सातही वह्यांच्या झेरॉक्स त्यांनी भूपेंद्राच्या हाती तिच्याकडे पाठवल्या. रविवारी स्टेजवर, सगळ्यांच्या देखत, तिला तिचं उत्तर मिळणार होतं.

शुक्रवारी दुपारी नाना ओट्यावर बसून पॅसेंजरची वाट बघत होते. मेघा आधी भेटायला येते म्हणाली होती. आत त्यांच्या बायकोनं, केसरबाईंनी, जमिनीवर रंगीत ठिगळांचा पसारा मांडला होता. त्यांची मुलगी सपना लग्नानंतर नऊ वर्षांनी बाळंतपणाला पहूरहून माहेरी आली होती. केसरबाईंच्या घराण्यात अशी रीत, की बाळाची पहिली गोधडी सात घरच्या जुन्या कापडांची करायची, म्हणजे ते सातही घरांचं होतं. गल्लीतल्या सात घरांतून लुगडी, धोतरं, पोलकी गोळा झाली होती. तिकोनी ठिगळं एकसारखी कापता यावीत म्हणून नानांनी पत्र्याचा साचा करून दिला होता. तिन्ही बाजू समान, तिन्ही कोन बरोबर साठ. त्या साच्याचा त्यांना जरा गर्वच होता.

"देखा ना," केसरबाई आतून अहिराणीत ओरडल्या, "हाई गोधडी सपाट बसतज नही. आठे दाबं का तठे उठस!"

"साचा बरोबर शे," नाना मान न वळवता म्हणाले. "तुना हात चुकना व्हई."

"पयला फेराले सात ठिगळं लागनात, दुसराले अठ्ठावीस, आन तिसराले सत्त्याहत्तर! आते कापड पुरी कसं?"

नानांचं लक्ष नव्हतं. कोपऱ्यावर रिक्षा थांबली होती.

मेघा आता पंचेचाळिशीची, चष्म्याची, थोडी पिकलेली. तिनं वाकून नमस्कार केला, पाणी घेतलं आणि झेरॉक्सचा गठ्ठा मांडीवर ठेवून गप्प बसली. परीक्षेचा निकाल सांगायला आलेला माणूस असा गप्प बसला, की समोरच्यानं काय ते ओळखावं. पण नाना निकाल ऐकायच्या बाजूला कधी बसलेच नव्हते.

"सर, एकशे सत्त्याऐंशीव्या पानापर्यंत एकही पायरी चुकलेली नाही. मी तीनदा तपासलं."

"आणि एकशे अठ्ठ्याऐंशी?"

"तिथं तुम्ही अशक्य लिहिलंय." मेघानं चष्मा काढला. "ते अशक्य नाही, सर. नुसतं विचित्र आहे."

मग तिनं हळूहळू सगळं सांगितलं. तीनशे वर्षांपूर्वी इटलीत साक्केरी नावाचे एक पाद्री होते. तेही शिकवायचे. ते याच वाटेनं निघाले, हेच सिद्धांत त्यांना भेटले, आणि शेवटी हे सरळ रेषेच्या स्वभावात बसत नाही म्हणून तेही मोकळे झाले. पुढं शंभर वर्षांनी रशियात लोबाचेव्हस्की आणि हंगेरीत बोल्याय, दोघांनी एकमेकांच्या नकळत तेच टोक धरलं. पण त्यांनी अशक्य म्हटलं नाही. ही दुसरीच भूमिती आहे, असं ते म्हणाले. बोल्यायचे वडीलही गणिती, याच प्रश्नापायी झिजलेले. त्यांनी पोराला कळवळून सांगितलं होतं, या वाटेला जाऊ नकोस. पोरानं ऐकलं नाही. आणि त्याच्याही नंतर पक्कं झालं, की पाचवं गृहीतक पहिल्या चारांतून कधीच सिद्ध होणार नाही. युक्लिडची भूमिती निर्दोष असेल, तर ही दुसरीही तितकीच निर्दोष आहे.

"तुला हे कधीपासून माहीत?"

"एम.एस्सी.ला होते तेव्हापासून. पण सर, तुम्ही यावर बसलाय हे मला कुठं ठाऊक होतं?"

खरंच होतं ते. नानांनी कुणाला ठाऊक होऊच दिलं नव्हतं. जळगाव इथून आगगाडीनं काही तासांवर, आणि त्यांचं एकतीस वर्षांचं भांडण तिथल्या कॉलेजात पुस्तकाच्या एका प्रकरणात मिटवून ठेवलेलं.

"दाखव," ते एकदम म्हणाले. "असं जग आहे म्हणतेस ना? डोळ्यांना दाखव."

मेघानं कागदावर एक वर्तुळ काढलं, त्यात कमानीसारख्या रेषा काढल्या. "समजा, हे वर्तुळ म्हणजे सगळं जग. यातल्या या सरळ रेषा…"

"या वाकड्या आहेत!"

"सर, इथं मोजायची पट्टी वेगळी…"

"वाकडीला सरळ म्हणायचं आणि पट्टीवर ढकलायचं? असा पेपर मी शून्य मार्क देऊन परत केला असता!"

मेघा उठली. तिचे डोळे भरले होते. गावातच भावाकडं थांबलेय, लागलं तर बोलवा, एवढं म्हणून ती गेली. नानांनी भूपेंद्राला फोन लावायला सपनाला सांगितलं. रविवारचं सगळं रद्द. आणि वह्या रद्दीवाल्याला.

"नाना, दमानं घ्या," सपना म्हणाली. "फोन उद्या करू."

"जे खोटं निघालं ते घरात कशाला ठेवायचं?" नाना म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. सपनानं बापाला असं कधी पाहिलं नव्हतं. तिनं वह्या उचलल्या, पण रद्दीत न टाकता स्वतःच्या उशाशी नेऊन ठेवल्या.

शनिवारी सकाळी नाना चहा घेऊन नुसते बसून होते. दुसरं कामच उरलं नव्हतं. केसरबाईंनी ती गोधडी आणून त्यांच्या पुढ्यातच टाकली. अजून वरचाच पदर शिवून झाला होता, अस्तर लागायचं होतं.

"देखी त ल्या. का बठ्ठी उसवी टाकू?"

नानांनी नाइलाजानं हात फिरवला. मधोमध गोधडी बरी होती, पण कडेकडेला तिला झालरीसारख्या लाटा सुटल्या होत्या. सवयीनं त्यांनी मधल्या टोकाभोवतीची ठिगळं मोजली. सात. शेजारच्या टोकाभोवती मोजली. सात. सगळीकडं सात.

"अवो, सहा लागतस!" मास्तर जागा झाला. "साठचे सहा, तीनशे साठ. तुले सात कोनी सांगं?"

"कोनी सांगाले कसाले जोयजे? सात घरनं कापड शे. एका टोकले सहा घर भेटनात, मंग सातवा घरले काय अंगनमा उभं ठेवू?" केसरबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "पाच ठिगळं जोडं का टोपडं व्हस. सहा जोडं का सपाट व्हस. सात जोडं का काय व्हस, ते माले आते समजनं."

नाना तिच्यावर डाफरणार होते. सात साठे चारशे वीस, आणि एका टोकाभोवती तीनशे साठच्या वर अंश मावत नाहीत, हे त्यांनी तीस वर्षं फळ्यावर शिकवलं होतं. पण इथं तर सातही ठिगळं मावली होती. शिवून तयार, हातात होती.

त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला आणि बोटांवर हिशेब सुरू केला. शिवणीची ओढ सगळ्या कापडात सारखी वाटली गेली असं धरू. मग टोकाभोवतीचे तीनशे साठ अंश सात जणांत वाटायचे. प्रत्येकाला एकावन्न आणि वर थोडे. त्रिकोणाला अशी तीन टोकं. एकशे चोपन्न आणि वर थोडे.

एकशे ऐंशीपेक्षा कमी.

"सपना," नाना म्हणाले, "वह्या रद्दीत गेल्या का?"

"नाही नाना. माझ्याजवळच आहेत."

"दुसरी आण. आणि शिवणाचा खडू."

दुसऱ्या वहीच्या तेविसाव्या पानावर त्यांचंच अक्षर होतं, 'तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोनांहून कमी.' गोधडी तेच म्हणत होती. ठिगळाएवढ्याच कोनांचा, पण त्याहून मोठा त्रिकोण या कापडावर कुठं बसवता येईल का? नानांनी बराच खटाटोप केला. बसत नव्हता. तेही वहीत होतं. मग त्यांनी गोधडीची एक घडी घातली, कारण घडीची रेघ सरळच असते, तिला कुणी वाकडी म्हणू शकत नाही. घडीवर खडू ओढला. रेघेच्या बाहेर एका ठिपक्यातून दुसरी घडी घातली, खडू ओढला. ती पहिल्या रेघेला न भेटता, उलट दूर पळत कडेला गेली. त्याच ठिपक्यातून जराशी तिरपी तिसरी घडी घातली. तीही भेटली नाही. एकाच बिंदूतून दोन रेघा, दोन्ही सरळ, आणि दोन्ही त्या पहिल्या रेघेला कुठंही न शिवणाऱ्या.

नाना गुडघ्यांवर बसूनच राहिले. एकतीस वर्षं ज्या जगाला ते अशक्य म्हणत होते, ते मध्यभागी शेजारणीच्या जांभळ्या लुगड्याचं ठिगळ लेवून त्यांच्या ओसरीत पसरलं होतं. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"काय व्हयनं?" केसरबाई घाबरल्या. "उसवू का?"

"हात लावू नको! सपना, मेघाले बलाव."

मेघा धावतपळतच आली. काही बरंवाईट झालं असंच तिला वाटलं. ओसरीत सर कापडावर ओणवे, हातभर खडू फासलेला.

"मोज," त्यांनी हुकूम सोडला. "एका टोकाला किती?"

मेघानं मोजलं. पुन्हा मोजलं. मग ती मटकन खालीच बसली. "सर, मी कॉलेजात पोरांना हे समजावता समजावता दमते. हे कुणी केलं?"

"हिनं. सातव्या घराला अंगणात उभं ठेवायचं नव्हतं म्हणून."

केसरबाईंनी पाच, सहा आणि सात ठिगळांचं पुन्हा सांगितलं, आणि मेघा हसत म्हणाली, "अक्का, माझ्या पुस्तकातली दोनशे पानं तुम्ही तीन वाक्यांत संपवली. टोपड्याची एक भूमिती, सपाट गोधडीची दुसरी, आणि ही तिसरी."

नानांचा चेहरा मात्र मध्येच उतरला. "पण माझं काय? दोनशे वर्षं उशिरा पोहोचलो मी. सगळं आधीच झालेलं."

"सर, आधी झालेलं आम्ही सगळे पुस्तकातून उतरवून घेतो," मेघा म्हणाली. "मीही तेच केलं. तुम्ही कुणाचं न बघता एकट्यानं तिथपर्यंत चालत गेलात. दारापर्यंत पोहोचलात आणि भिंत समजून परत फिरलात, एवढीच चूक. साक्केरींची झाली, तीच."

नानांनी सातवी वही आणायला लावली. मग त्यांनी लाल पेन मागितलं. एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावरचं 'अशक्य' खोडलं आणि वर लिहिलं, 'विचित्र, पण आहे.' 'सिद्ध झाले' हे शब्दही खोडले. त्याला जास्त वेळ लागला.

"रविवारचं रद्द करायचं ना?" सपनानं विचारलं.

"रद्द कसं? मला उत्तर द्यायचंय."

रविवारी शाळेच्या सभागृहात माणूस मावत नव्हता. भूपेंद्रानं शाल घातली, नारळ दिला आणि दोन हजार वर्षांच्या कोड्याविषयी असं ठणकावून बोलला, की युक्लिड समोर असता तर त्यानंही टाळ्या वाजवल्या असत्या. नाना माइकपाशी आले.

"भूपेंद्र बोलला ते खोटं आहे," ते म्हणाले. "मी कोडं सोडवलेलं नाही. ते दोनशे वर्षांपूर्वीच सुटलंय, आणि उत्तर माझ्या उत्तराच्या उलटं आहे. एकतीस वर्षं मी चुकीचं सिद्ध करत बसलो होतो." ते पुढं म्हणाले, "आणि त्याच्याही आधी मी एक चूक केली. याच शाळेत. मेघा, जरा इकडं ये. गोधडीचं ते टोक धर."

मेघा स्टेजवर उभी राहिली. दोघांनी मिळून गोधडी उलगडली. तिच्या लाटा बघून मागच्या रांगांतून हशा आला, आणि नानांनी वर्गातल्यासारखं बघितल्याबरोबर थांबला. त्यांनी ठिगळं मोजून दाखवली, खडूच्या तिन्ही रेघा दाखवल्या, कोणत्या घरचं कोणतं कापड तेही सांगितलं. पुढच्या रांगेत केसरबाई पदर सावरून बसल्या होत्या आणि गल्लीतल्या सातही घरांतल्या बायका आपापलं ठिगळ शोधत होत्या.

"नववीत या मुलीनं मला विचारलं होतं, समांतर रेषा एकच कशावरून? मला येत नव्हतं. येत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून मी तिला उभं केलं. तास संपला आणि मी निघून गेलो." नाना मेघाकडं वळले. "मेघा, तुझं उत्तर असं आहे. कशावरूनच नाही. एक रेषा मानली तर एक जग होतं, अनेक मानल्या तर दुसरं होतं. दोन्ही खरी. तुझा प्रश्न बरोबर होता. चुकलो होतो मी."

सत्तर वर्षांच्या नानांनी मागं वळून स्टेजवरची स्वतःची, हारतुऱ्यांची खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ आणून ठेवली.

"एकतीस वर्षं झाली पोरी," ते म्हणाले. "बस आता खाली."